सातव्या तारेची खूण

बसा, आणि मध्ये फाटे फोडू नका. आमच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरची गोष्ट आहे. भुताबितांना हसणारा माणूस.

संग्रहालयाच्या दालनात त्याने कापडाचं अवाढव्य शिल्प उभारलं होतं. आत सांगाडा नाही, काही नाही. बारा पोलादी तारांनी चहूकडून खेचून ताणलेलं नुसतं कापड. मुकादम त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. नियम एकच. तारेखाली कुणी नाही हे बघून मुकादम भिंतीवर तार ताणायच्या नटाशेजारी निळ्या खडूने बरोबरची खूण करायचा, मगच नटाला पाना लावायचा. मेहुणा डावखुरा, त्याची खूण उलटी यायची. बहीण त्यावरून लहानपणापासून चिडवायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी इंजिनिअर घायकुतीला आला. सातव्या तारेवर खूण नव्हती. मेहुणा अजून खालीच होता. "अर्धाच फेरा तर द्यायचाय," म्हणत याने पाना फिरवला. तारेची पकड निसटली. तार सपकन आली आणि मेहुण्याचं डोकं जबड्यापासून उडवून गेली. कापडावर रक्ताचा सडा पडला.

लोक धावत येईपर्यंत याने स्वतःच्या खिशातला निळा खडू काढून खूण करून टाकली. सरळ. चौकशीत ठरलं, मुकादम खूण करून स्वतःच तारेखाली गेला. बायको रडत म्हणाली, "अहो, दादा असा गाफील नव्हता."

महिन्याने, मंगळवारी रात्री पावणेबाराला रखवालदाराचा फोन आला. "साहेब, सातव्या तारेच्या बाजूने कापड लोंबतंय." सकाळी शाळेची मुलं येणार होती. हा एकटाच शिडी चढला. टॉर्च मारला.

खूण पुसलेली होती.

त्याने पुन्हा केली. बोटाखालीच पुसली गेली. पुन्हा केली... पुन्हा पुसली.

"दादा?" त्याने अंधारात हाक मारली.

...

पाना खिशातच होता. तरी नट फिरायला लागला. एक फेरा. दोन. तार कण्हायला लागली. तीन...

रखवालदार किंकाळी ऐकून धावला. तार सुटलेली. त्याचा उजवा हात मनगटापासून तुटून फरशीवर पडलेला.

माणूस वाचला. दवाखान्यात बायकोने त्याचा उरलेला हात हातात घेतला. तळव्यावर निळी खूण. नर्सने स्पिरिटने दोनदा घासली, जाईना.

खूण उलटी होती.

बायकोने हात हळूच खाली ठेवला. "दादा अजून खालीच होता ना?" एवढंच विचारलं, आणि उठून गेली.

आता तो एकटाच राहतो. मूठ सहसा उघडत नाही. पण मी पाहिलीय. अजून तशीच आहे, निळी.