उजवीकडचा तिसरा बाक

"तू प्रभुभोजन काहून घेत नाही?"

प्रश्न माझा नव्हता. रुचिका आणि नंदिनीनं पैज लावली होती. आमच्या चर्चमध्ये मुली डावीकडे बसतात, मुलं उजवीकडे. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावरचा प्रज्वल नाताळापासून, सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वेदीपाशी गेले तरी, जागचा हलत नव्हता. "तूच विचार वं, उपासनाभर त्याच्याकडेच तर पाहत राहते," रुचिका म्हणाली. नुकतीच वक्तृत्व स्पर्धा जिंकलेली मी... मी कशाला घाबरू?

उपासना सुटल्यावर कोराडीच्या बसस्टॉपवर त्याला गाठलं.

तो हसला. उजव्या गालावर खळी पडली. डावीकडच्या बाकांवरून ती मला कधी दिसलीच नव्हती.

"मैत्रिणींनी पाठवलं ना?" उसाच्या रसाचा एक ग्लास माझ्या हातात देत त्यानं विचारलं.

"पाठवलं त्यांनी. आले मी."

"मनात राग ठेवून ती भाकर कशी खाऊ? आधी जाऊन समेट कर, मग वेदीपाशी ये, असंच शिकवलं ना आपल्याले. दरवेळी ठरवतो, आज माफ करून टाकू. होतच नाही."

"कोणाला?"

"तुझ्या पप्पाले."

माझ्या हातातला उसाचा रस तसाच राहिला.

पप्पा आमच्या क्वायरचे प्रमुख. नाताळात कॅरल म्हणायला निघताना आजोबांच्या हार्मोनियमचं खोकं उघडलं, तर भाता फाटलेला. खोकं उचलून आणलं होतं प्रज्वलनं. "तूच पाडलीस, आणि वर खोटं बोलतोस," पप्पा सगळ्यांसमोर म्हणाले. "क्वायरमध्ये पुन्हा दिसू नकोस."

हार्मोनियम मी पाडली होती. आदल्या संध्याकाळी, गुपचूप वाजवताना. मी खोकं बंद केलं... आणि तोंडही.

सांगितलं तर हा परत बोलणार नाही. नाही सांगितलं तर तसाच बाकावर बसून राहील.

"प्रज्वल... ती मी पाडली होती."

बस आली. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. प्रज्वलनं ती जाऊ दिली.

"तू तिथंच उभी होती, उन्नती."

"होते."

"मले लय राग येऊन राहिला आता."

"येऊ दे. पण... माफ करशील?"

"करीन. एका दिवसात होत नाही ना पण ते. रोज थोडं थोडं करा लागते." मग हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी ये स्टॉपवर. कुठपर्यंत आलं, सांगतो."

"आणि त्याच्या पुढच्या?"

खळी परत आली. "त्याच्या पुढच्या रविवारी रस तू पाजशील."

घरी पप्पा-मम्मी जेवायला बसले होते. मी चप्पलही काढली नाही.

"पप्पा, मम्मी, हार्मोनियम मी पाडली होती. येत्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभी राहून मी ते सांगणार आहे. आणि पप्पा, तुम्ही प्रज्वलला सगळ्यांसमोर बोललात, तर माफीही तिथंच मागा. तोवर मीही प्रभुभोजन घेणार नाही. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणार आहे... त्याच्या शेजारी."