नेब्रिया निनादीचा आहार

नव्या किड्याचं वर्णन लिहिताना शब्दांची चैन परवडत नाही. लांबी अकरा मिलिमीटर. रंग काळा, पायांवर विटकरी झाक. पंख नाहीत. आपल्या भाऊबंद जातींप्रमाणेच जन्मभरात पन्नास पावलांपलीकडे जात नाही. मेलेल्या प्राण्यांच्या मांसावर जगतो. ते आवाक्यात असताना दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही, नसेल तेव्हा मिळेल ते खातो. डॉ. हेमांगी टिपणीस यांनी पुण्यातल्या आपल्या प्रयोगशाळेत बसून इथवर लिहिलं होतं, आणि ‘आहार’ या मथळ्याखालचा पुढचा परिच्छेद महिनाभर अडून बसला होता.

हा भुंगेरा लाहौलच्या वर, तोग्मा हिमनदीच्या काठी, पाच हजार दोनशे मीटर उंचीवर सापडला होता. हेमांगीने त्याला आपल्या मुलाचं नाव दिलं होतं, नेब्रिया निनादी. निनाद हिमनद्यांची जाडी मोजायचा. चार वर्षांपूर्वी, ऐन सव्विशीत, तो याच हिमनदीवर वादळात सापडला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढच्या उन्हाळ्यात हेमांगी तिथे गेली. किडे गोळा करायला जाते, असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं. एका दगडाखाली तिला हा एकुलता एक भुंगेरा मिळाला. त्याच हिवाळ्यात तो अख्खा उतार कोसळून हिमनदीत गडप झाला.

निनादचा शोध सहाव्या दिवशी थांबला होता. थांबवू का, असं तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा हेमांगीने कागदावर आकडेमोड मांडली. उणे अठरा तापमान, एवढा वारा, अंगावर एवढे कपडे. पाच दिवसांपलीकडे माणूस टिकत नाही. तिने सही केली. शेजारी उभा असलेला तिचा नवरा हेरंब अधिकाऱ्याला म्हणत होता, “अजून आठ दिवस शोधा हो, पाया पडतो तुमच्या.” पण विज्ञान बायकोला कळतं, आपल्याला नाही, हे तो जन्मभर मानत आला होता. तो गप्प बसला, तो बसलाच. त्यानंतर त्या दोघांत भाजी-आमटीपलीकडचं बोलणं उरलं नाही.

निनाद गेला, हे मात्र त्याने मानलं नाही. त्या खोऱ्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांना तो हिंदीत पत्रं लिहायचा. आमचा मुलगा, उजव्या भुवईवर व्रण, कदाचित आठवण गेली असेल. मास्तर लोक भले. ‘नाही दिसला’ असं कळवताना सोबत वाळवलेल्या जर्दाळूंची पुडी धाडायचे. टिपणिसांच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या त्या नकारांनी भरल्या होत्या आणि त्यातला एक जर्दाळू कुणी खात नव्हतं.

“मॅडम, तुमच्या किड्याचा नन्नाचा पाढा काय संपत नाही बघा,” फरझाना मुजावर म्हणाली. ती प्रयोगशाळेतली जनुकतज्ज्ञ, मूळची कराडची. “एका उन्हाळ्याचे थर नुसते कोरे. आणि गडी तर चांगला गुबगुबीत. उपाशी राहून कोण गुबगुबीत होतंय, सांगा की.”

“मला पुन्हा एकदा सांग,” हेमांगी म्हणाली. “पहिलीतल्या पोराला सांगतात तसं.”

“हे बघा. हा रात्री बाहेर पडतो आणि एकदाच जेवतो. थंडीमुळं पचन एवढं सावकाश, की त्या जेवणावर आतड्याच्या अस्तराचा एक पापुद्रा धरतो. प्रत्येक रात्रीचा एक थर. त्या थरात जेवणाची जनुकं अडकून राहतात. आपला थरवाचक एकेक थर सोलून ती वाचतो. हिवाळ्यात हा खात नाही, म्हणून मधे रिकामी पट्टी पडते आणि वर्षंसुद्धा मोजता येतात. हा कोरा उन्हाळा चार वर्षांपूर्वीचा.”

“रिकामा असता तर थरच धरला नसता.”

“तेच म्हणते मी. खाल्लंय, पण चाळणीत गेलंय.”

ही स्वकीय-चाळणी हेमांगीचीच देणगी होती. पूर्वी एका हिमालयी किड्याने बटाटा खाल्ल्याचं मोठ्या थाटात जाहीर झालं होतं, आणि तो बटाटा निघाला सहायकाच्या डब्यातला. शोभा व्हायची ती झाली. तेव्हापासून हेमांगीने नियम केला. नमुन्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची जनुकं, आणि त्याच्या घरी जे जे रांधलं जातं त्याची यादी, यंत्रात भरायची. यादीशी जुळेल ते यंत्र आपणहून फेकून देई.

“चाळणी काढ,” हेमांगी म्हणाली.

फरझानाने काढली. पडद्यावर ओळी उमटू लागल्या तशी ती हसायला लागली.

“गहू, नारळ, खारीक, खसखस, डिंक, गाय! मॅडम, हे तर डिंकाचे लाडू. सलग चौदा थर. कुणाच्या डब्यातले हो?”

हेरंबने निनादला निघताना दिलेले लाडू हेमांगीला आठवले. “आणि पुढे?”

“पंधराव्यापासून माणूस. उन्हाळा संपेपर्यंत माणूसच. आणि जुळतंय ते...” फरझानाने नाव वाचलं. “तुमच्याशी. तुमचा हात लागला असणार.”

“थराच्या आत, चार वर्षं मागे माझा हात कसा पोचेल, फरझाना? यंत्र फक्त मातृजनुकं वाचतं ना?”

“हो. आईकडून येतात ती. आईची आणि मुलाची अगदी...” फरझाना बोलता बोलता थांबली. मग तिने खुर्ची ओढून हेमांगीला बसवलं.

शेजारी टेकत ती हळू म्हणाली, “मॅडम, लाडवाचा चुरा मागं पडलेला असंल. त्यांच्या... नंतर खाल्ला असंल किड्यानं.”

“नाही. मांस आवाक्यात असताना तो चुऱ्याकडे बघत नाही. चुरा खात होता, म्हणजे मांस नव्हतं.” हेमांगीचा आवाज वर्गात शिकवावं तसा सरळ येत होता, आणि तिला स्वतःलाच त्याची किळस वाटली. “चौदा रात्री तो जिवंत होता. मी सहाव्या दिवशी सही केली.”

आणि पन्नास पावलं. किडा सापडला त्या दगडावर बसून तिने थर्मासमधला चहा प्यायला होता. पोरगं तिच्यापासून पन्नास पावलांच्या आत पडलेलं होतं, आणि ती भिंगातून विटकरी झाक बघत होती. नंतरही ते, किड्याच्या पोटात, तिच्याच शीतकपाटात होतं, तीन वर्षं, आणि तिच्याच नियमाने ते रोज केरात काढलं.

दुपारी ती घरी आली. हेरंब जेवणाच्या टेबलावर पत्र लिहीत होता.

“हेरंब, निनाद गेला,” ती म्हणाली. “त्याच वेळी गेला. आता खात्री झाली.”

त्याने पेनाला टोपण लावलं. तिने सगळं सांगितलं. किडा, थर, चाळणी, लाडू. थर किती, तेवढं राहिलं.

“लाडू खाल्ले त्याने?”

“हो. रोज रात्रीच्या थरात चुरा आहे.”

“म्हणजे किती दिवस होता गं तो?”

खरा आकडा तिच्या जिभेवर होता. आयुष्यात तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. हेरंबच्या तोंडाकडे बघून तिचा धीर सुटला. त्याला वाचवायला की स्वतःला, हे तिला तेव्हाही कळलं नाही.

“पाच,” ती म्हणाली.

हेरंबने डोळे मिटले. मग उठून तो तिच्याजवळ आला आणि चार वर्षांत प्रथमच त्याने तिचे हात हातात घेतले.

“म्हणजे तुझं गणित बरोबर होतं,” तो म्हणाला. “आणि मी वेड्यासारखा तुला मनातून बोल लावत राहिलो. माफ कर मला, हेमा.”

तो रडत होता, पण कित्येक दिवसांचं ओझं उतरलेल्या माणसासारखा.

“मला सारखं वाटायचं, लाडू कमी दिले,” तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला. “डबा लहान होता. चौदाच बसले त्यात. पाच दिवस म्हणजे नऊ तरी उरले असतील. उपाशी नाही गेला गं आपला निनाद.”

हेमांगीने होकारार्थी मान हलवली.