आवाज मधोमध यावा म्हणून

चारुता तळोज्याच्या एका रसायन कंपनीत प्रयोगशाळेत कामाला होती. आकडा पटला नाही की नमुना पुन्हा तपासायचा, ही तिची सवय. प्रितेशशी घटस्फोट झाल्यावर तिने नवीन पनवेलला भाड्याने फ्लॅट घेतला, आणि रविवार खायला उठायला लागले तेव्हा कुणाकडून तरी जुने स्पीकर विकत आणले. लाकडी, कमरेएवढे उंच. हॉलमध्ये ते दोन, त्यांचा अॅम्प्लिफायर आणि समोर एक खुर्ची. बाकी काही नव्हतंच.

स्पीकर नीट मांडले की गाणारा माणूस दोन्हींच्या मधोमध, रिकाम्या भिंतीपुढे उभा असल्यासारखा वाटतो. चारुताकडे मात्र गाणारी बाई डावीकडे सरकून उभी राहायची. तिने टेपने अंतरं मोजली. सारखीच होती. डावा स्पीकर उजवीकडे नेला, उजवा डावीकडे. बाई तरीही डावीकडेच. डॉक्टरकडून कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम निघाले. म्हणजे दोष खोलीत होता.

कंपनीतल्या देवेशला असल्या यंत्रांचा नाद होता. एका रविवारी दुपारी तो आला. खोली कशी घुमते ते पाहायला हॉलभर फिरत टाळ्या वाजवल्या, मग तिच्या खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकलं.

"उजवीकडचा आवाज मुरतोय कुठेतरी," तो म्हणाला. "इथे गादीबिदी असते का?"

"काहीच नसतं. बघतोयस ना."

"गादी, नाहीतर माणूस. शेजारी कुणी बसलं की असंच होतं."

तो सहज बोलला. चारुता चहा करायला आत गेली. कप घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, डावीकडे, थांबली. देवेश खुर्चीत ताठ बसला होता.

"परत आत जा जरा."

"का?"

"जा तर."

ती गेली. थोड्या वेळाने त्याने हाक मारली. ती दाराशी आल्याबरोबर त्याने गाणं बंद केलं.

"तू आत गेलीस की आवाज बरोबर मधोमध येतो. आलीस की सरकतो."

"मी तर डावीकडे उभी आहे. आवाज मुरतोय उजवीकडे."

"तेच म्हणतोय मी."

चहा तसाच ठेवून तो निघाला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिने विषय काढला, तर ताटातून मान वर न करता म्हणाला, "फ्लॅट बदल ना. खारघरला मिळतात."

चारुताने फ्लॅट बदलला नाही. संध्याकाळी वाऱ्याबरोबर कारखान्यांचा उग्र वास आला की ती खिडक्या लावून घ्यायची आणि खुर्चीत बसायची. बाई डावीकडे सरकायची. हळूहळू तिला त्याचं बरं वाटायला लागलं. गाण्यात एखादी जागा सुरेख आली की तिची मान आपसूक उजवीकडे वळायची. एकदा तिने "आवडलं?" असं विचारलंही.

मग एका संध्याकाळी तिने गाणं लावलं, आणि बाई मधोमध होती.

इतके महिने जे हवं होतं ते झालं होतं, आणि तिने मान वळवून उजवीकडे पाहिलं. गेलं, तिला वाटलं. आता आपण एकट्याच.

आवाज बारीक वाटला म्हणून तिने वाढवला.

बाई मधोमधच, पण लांब. चारुताने आणखी वाढवला. बटण शेवटपर्यंत फिरलं.

दारावरची बेल वाजली. शेजारच्या शशिकलाबाई होत्या.

"अगं, किती मोठ्याने! माझ्या मांडणीवरची भांडी वाजतायत."

चारुता दार उघडून बाहेर जिन्यापाशी आली होती. तिच्या पाठीमागे, उघड्या दारातून, गाणं इमारत हलवत होतं.

"कमी करते," ती म्हणाली आणि आत आली. खुर्चीत बसली.

गाणं पुन्हा कापसातून यावं तसं. अगदी मधोमध.

उजवीकडून कमी. डावीकडूनही तेवढंच कमी.

चारुताने दोन्ही कोपरं अलगद अंगाशी ओढून घेतली.