धाकट्याला मारलेली हाक

हे खरं आहे. अगदी शपथ. माझ्या मावसबहिणीच्या, मान-चीच्या बाबतीत घडलंय, आणि मान-ची म्हणजे उडत्या झुरळालासुद्धा चपलेने झोडपणारी मुलगी!

आणि हो, अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. मध्यरात्र तर नाहीच. हाँगकाँगमधलं शाम-शुई-पो, गेल्या वर्षीची थंडी सुरू होतानाची संध्याकाळ. खाली फिशबॉलच्या गाडीवर ही गर्दी.

आमच्या बाजारामागे एक जुनी चिनी चाळ आहे. एकेका मजल्यावर फळ्या ठोकून केलेल्या खोल्या आणि एकेका खोलीत अख्खं कुटुंब. इकडे कुणी शिंकलं की पलीकडून कुणी ओरडायचं, "आल्याचं पाणी घे!"

माणसं केव्हाच गेली. चाळ पाडायची नाही, वापरात आणायची, असं वस्तीच्या कमिटीने ठरवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या फळ्या उखडल्या आणि मुलांसाठी खेळघर केलं. एकच मोठ्ठं दालन, मध्ये काही म्हणजे काही नाही. मावशीला तिथे देखरेखीचं काम लागलं.

पहिल्याच आठवड्यात मुलं लपाछपी खेळली. मान-चीचा पाच वर्षांचा भाऊ सापडेना.

लपायला जागाच नव्हती.

तरी सापडेना...

मग एकदम दिसला. दालनाच्या मधोमध. घामाने थबथबलेला. दोन्ही तळहात समोर हवेत टेकवलेले... जणू तिथे भिंत आहे.

तेव्हापासून तो बोलेना. खाईना. डॉक्टर झाले, औषधं झाली. डोळे उघडे, पण आत कुणी नाही.

"जीव तिथेच राहिलाय त्याचा," मावशी म्हणाली. "मी याला सोडून हलत नाही. तू याचा सदरा घेऊन जा. जिन्यात उभी राहा आणि हाक मार. आडनावासकट पूर्ण नाव, कळलं? आणि येताना मागे बघायचं नाही."

"आई, खाली माझ्या वर्गातली पोरं असतात. खिदळतील!"

"खिदळू देत. भाऊ हवाय ना?"

ती गेली. जिन्यात उभी राहून तिने सदरा हलवला.

"लाम यात-हेइ, घरी चल!"

काही नाही.

"लाम यात-हेइ, घरी चल!"

आत, लांब कुठेतरी... थप्प. अनवाणी पाऊल.

मान-चीला रडूच फुटलं. आनंदाने ती मोठमोठ्याने ओरडत सुटली, "धाकट्या! ये रे! चल घरी, धाकट्या!"

घरात त्याला सगळे धाकट्याच म्हणतात.

पण त्या चाळीतल्या प्रत्येक खोलीत एक धाकटा होता...

पावलं धावत आली. थप्प थप्प थप्प. हातातला सदरा जड झाला. ती उतरत होती आणि मागे कुणीतरी उतरत होतं. ती थांबली की थांबत होतं.

तिने मागे पाहिलं नाही.

मावशीने दारातच विचारलं, "आला का?"

"आला!"

सदरा अंगावर टाकला. आणि पोरगं उठून बसलं! मावशीने भरवलेली वाटीभर पेज चाटूनपुसून खाल्ली.

मग तोंड पुसून म्हणालं, "छान झाली होती हं, काकू."

मावशी हसता हसता रडली. "काकू कोण रे, मेल्या?"

तो हसला नाही. अंग चोरून बिछान्याच्या पार कडेला झोपला. शेजारी दोघा-तिघांची जागा सोडून...

दुसऱ्या दिवशी मान-ची शाळेतून थेट खेळघरात गेली. आत कुणी नव्हतं. भरपूर ऊन होतं.

तिने पूर्ण नावाने हाक मारली.

"ताई?"

दालनाच्या मधून. तिथे नुसती रिकामी फरशी.

"मी इथे आहे! सरळ ये!"

"सरळ भिंत आहे." तो मुसमुसत होता. "ताई... दार कुठल्या बाजूला आहे?"

तिने सांगून पाहिलं. डावीकडे, उजवीकडे. पण तिला त्या भिंती दिसतच नव्हत्या. आवाज लांब लांब जात राहिला...

ती अजून रोज जाते. मावशी ऐकूनच घेत नाही. "पोरगं जेवतंय, खेळतंय, मला 'आई' म्हणायला लागलंय. आता गप्प बस ना, बाई!"

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. मान-ची यायची होती. त्या पोराने माशाच्या गालाचा मऊ तुकडा आपल्या हाताने माझ्या वाडग्यात ठेवला. किती गोड! मग माझ्या कानाशी आला...

"ताईला सांग ना, तिकडे हाका मारू नको म्हणून. तो रडायला लागतो. मग आमच्यातल्या कुणालाच झोप येत नाही."

मी बिछान्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"खा ना गं," मावशी म्हणाली. "गार होतंय."

उद्या मान-चीने मला सोबत बोलावलंय. दोघींनी मिळून हाक मारू म्हणते.

मी अजून हो म्हटलेलं नाही.