पंचविसावा स्वेटर

त्या सकाळी मी निघाले ती अगदी साध्या कामाला. शाळेच्या कपाटात एक स्वेटर उरला होता, तो एका घरी पोचवायचा आणि शाळा भरायच्या आत परत यायचं. जानेवारी महिना, सकाळचे साडेसहा. अंबडच्या रस्त्यावर धुकं इतकं होतं की स्कूटीच्या दिव्याचा उजेड चार हातांवर संपत होता. आज मला विचाराल तर तो स्वेटर तिथेच कुजू द्यायला हवा होता. पण तेव्हा वाटत होतं, आपण मोठं पुण्याचं काम करतोय.

आधी स्वेटरचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही.

नाशिकची थंडी काही नवी नाही. निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की आमच्या शाळेत तयारी सुरू होते. सातची शाळा आठला भरवायची, परिपाठ मैदानात उन्हाच्या पट्ट्यात घ्यायचा, पालकांना निरोप पाठवायचा की मुलांना कानटोपी घाला, पोटात काहीतरी गरम असू द्या. निरोप पाठवण्यात आमच्या शाळेचा हात धरणारं कोणी नाही! आणि दरवर्षी गरजू मुलांना स्वेटरवाटप. नोव्हेंबरच्या पालकसभेत मीच माईकवरून सांगितलं होतं, "ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी बाजारातून स्वेटर घेऊ नका. शाळेकडून मिळणार आहे."

यादीतलं पंचविसावं नाव आलिमाचं. माझ्याच चौथीच्या वर्गातली. बाप कादर अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर, आई मेहरुन्निसा घरी शिलाईकाम करणारी. मी सांगितलं म्हणून त्यांनी स्वेटर घेतला नाही. मुलगी आईच्या जुन्या ओढणीला गळ्याशी गाठ मारून यायची.

स्वेटर तर नोव्हेंबर संपायच्या आतच आले होते. बेचाळीस, लालभडक, कोरे करकरीत. ते कपाटात गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. कारण वाटप म्हटलं की कार्यक्रम आला, कार्यक्रम म्हटलं की पाहुणे आले, आणि पाहुण्यांची तारीख काही मिळेना. आमचे मुख्याध्यापक खैरनार सर मला बजावून म्हणाले, "छायाबाई, फोटोच्या आधी एकही स्वेटर बाहेर जाता कामा नये. पाहुण्यांच्याच हातून गेला पाहिजे." तारीख दोनदा ठरली, दोनदा मोडली. पारा दहाचा आठ झाला, आठाचा सहा.

डिसेंबरात मापं बघायला मी एकेकाला बोलावलं. आलिमाला स्वेटर घातला. तिने दोन्ही हात स्वतःभोवती घट्ट लपेटून घेतले आणि डोळे मिटले. खोकत होती. म्हणाली, "बाई, आजचा दिवस राहू दे ना. उद्या धुऊन आणते."

"कार्यक्रमात मिळेल. हात वर कर," मी म्हणाले.

तिने हात वर केले. मी स्वेटर ओढून काढला, घडी घातली आणि वर तिच्या नावाची चिठ्ठी टाचली.

चौथ्या दिवशी ती गेली. न्यूमोनिया. परिपाठात सरांनी कागदावर बघून तिचं नाव वाचलं, आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो. पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले. संख्या कमी दिसू नये म्हणून सरांनी तिचा स्वेटर फोटोपुरता दुसऱ्या एका मुलीला घालायला लावला. मी तिला तो घातलाही. फोटो झाल्यावर काढूनही घेतला. माझ्यासारख्या बाईला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, मी ऐकून घेईन.

त्यानंतर तो कपाटातच होता. पण तो मी खालच्या कप्प्यात ठेवला तरी सकाळी वरच्या कप्प्यात सापडायचा. गळ्यापाशी ओलसर, जसा कोणीतरी तोंडाजवळ धरून श्वास सोडलाय. तीन आठवडे मी हे सोसलं. मग म्हटलं, ज्याचं त्याला देऊन टाकू आणि मोकळं होऊ.

तर मी त्या खोल्यांच्या चाळीपाशी पोचले. धुक्यात दारांची नुसती ओळ दिसत होती. दार वाजवायला हात उचलला आणि कडी आतून निघाली.

"या बाई," मेहरुन्निसा म्हणाली. "आलिमा बोललीच होती, आज येतील म्हणून."

दुःखात माणूस काहीही बोलतं, असं म्हणून मी आत गेले. दिवा लावलेला नव्हता. कोपऱ्यात शेगडीतले निखारे, त्यांच्या उजेडात शिलाई मशीन आणि मागे एक फुलाफुलांचा पडदा. कोळशाचा वास, छातीला चोळायच्या बामचा वास, आणि त्या दोन्हींखाली ओल्या लोकरीचा.

"कादरभाई?"

"फर्स्ट शिफ्टला गेले."

तिने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, एक स्वतः हातात घेतला. तेवढ्यात पडद्यामागे कोणीतरी खोकलं. बारीक, कोरडं.

"धाकटी का?" मी विचारलं.

"नाय बाई. आम्हाला एकच होती ना."

मी घाईघाईने पिशवीतून स्वेटर काढला. "हा... हा तिचा. उशीर झाला. मला माफ..."

तिने हात पुढे केला नाही. "तुम्ही घाला."

"अहो, हा नऊ वर्षांच्या पोरीचा..."

"घालून तर बघा. मापासाठी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उठून पळाले असते. नको म्हणायला मी तोंड उघडलं आणि तोवर माझं डोकं स्वेटरच्या गळ्यातून बाहेरही आलं होतं. तो मला बसला. अगदी माझ्या मापाने विणल्यासारखा बसला. आणि ऊब... आईच्या पदराखाली असताना मिळाली असेल तेवढीच, त्यानंतर कधी नाही. मी डोळे मिटून घेतले.

"बाई," कोणीतरी माझ्या कानापाशी म्हणालं, "हात वर करा."

मी डोळे उघडले. मेहरुन्निसा समोरच बसली होती, दोन्ही हात चहाच्या कपाभोवती. तिचे ओठ मिटलेले होते.

माझे हात आपोआप वर गेले. कमरेपाशी दहा बोटं लागली. लहान, थंडगार. त्यांनी स्वेटर हळूहळू वर ओढला, पोटावरून, छातीवरून, तोंडावरून. आणि त्याच्याबरोबर माझ्या अंगातली सगळी ऊब निघून गेली. मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. स्वेटरही नव्हता. पडदा तेवढा हलत होता.

"चार दिवस, बाई," मेहरुन्निसा म्हणाली. "माझ्या लेकीला तेवढेच भेटले. तुम्हाला पण तेवढेच."

मी तिच्या पायांवर पडले. दात वाजत होते. "मी... मी एकटीने नाही केलं. किल्ली माझ्याकडे होती, पण हुकूम..."

पडदा हलायचा थांबला.

"हुकूम कोणाचा?" पडद्यामागून विचारलं. वर्गात शंका विचारायची ना, तोच आवाज.

मी सांगितलं. खैरनार सरांचं नाव, इंदिरानगर, बागेसमोरची इमारत, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. काही शिल्लक ठेवलं नाही. लाज वाटली का? नाही वाटली, खोटं कशाला बोलू. उलट मनात आलं, बरं झालं, त्यांनाही कळू दे.

पण थंडी गेली नाही. पहिल्या दिवशी मी तीन रजया अंगावर घेतल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा झटकून पाहिला, मग दुसरा मागवला. माझी मुलगी अंजली गरम पाण्याची पिशवी पोटाशी ठेवायची, ती पाच मिनिटांत गार व्हायची. तिसऱ्या दिवशी तिने मला गच्चीवर भर उन्हात बसवलं. माझी नखं निळी पडली होती. अंजली हसून म्हणायची, "आई, तू पण ना! एवढी कसली गं थंडी?" आणि न्हाणीघरात जाऊन रडायची. मी तिला काही सांगितलं नाही. चौथी सकाळ आपल्याला दिसेल पण दुपार दिसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तिचं कोण बघणार, एवढाच घोर लागला होता.

चौथ्या सकाळी साडेसहाला फोन वाजला. अंजलीने माझ्या कानाला लावला. खैरनार सर होते.

"बाई..." ते कुजबुजत होते. "दाराबाहेर मुलं आलीत. मी दाराच्या भिंगातून बघतोय. रांगेत उभी आहेत, पार जिन्याखाली धुक्यात गेलीय रांग. पुढच्या मुलीच्या हातात लाल स्वेटर आहे. म्हणते, छायाबाईंनी पाठवलंय."

मी पत्ता एकीलाच सांगितला होता. बाकीची कोण, कुठल्या सालची, मला माहीत नाही. आमच्या शाळेत स्वेटरवाटप बावीस वर्षं चालू आहे.

"आपल्याच शाळेतली आहेत का हो ही?" सर म्हणाले. "मला तर... मला तर पुढच्या मुलीचा चेहरासुद्धा ओळखू येत नाही."

त्या गारठलेल्या अंगातही माझं डोकं भडकलं. ओळखू येत नाही! अंजली माझे पाय चोळत होती, आणि तिचे हात मला कळेनासे झाले होते. थंडी छातीपर्यंत चढली होती.

"बाई, ऐकताय ना? दार वाजवतायत. उघडू का?"

"उघडा सर," मी म्हणाले. "बाहेर थंडी आहे."