गळका बचाव आणि चिकट टॉफी

"गेला! अरे, गेलासुद्धा!"

कॅप्टन टिटवी ओरडेपर्यंत चेंडू जाळीतून खाली पडला होता. बास्केटखाली कुणीच नव्हतं! तिथे उभं राहायचं काम खांबाचं, म्हणजे संघातल्या सगळ्यात उंच मुलाचं. तो कोर्टाच्या मध्यावर पोहोचला होता आणि 'मी इथे कसा आलो?' अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघत होता.

शिट्टी वाजली. सुट्टीतल्या शिबिराच्या संघानं सलग तिसरा सामना घालवला.

हॉलच्या पायऱ्यांवर मोठ्यांची सभा लगेच भरली.

"सरांना बचाव शिकवताच येत नाही," खांबाचे बाबा म्हणाले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. गोदामाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारून मारून त्यांचा आवाज चांगलाच तयार झाला होता. शिवाय ते हॉलच्या समितीचे अध्यक्ष होते.

"सर बिचारे काय करतील? मुलांचे पायच हलत नाहीत," मुंगीची आई म्हणाली. मुंगी म्हणजे संघातली सगळ्यात छोटी आणि सगळ्यात चपळ मुलगी. तिची आई दातांची डॉक्टर होती.

"रविवारी शेवटचा सामना आहे. हरलो, तर पुढच्या शिबिराला दुसरे सर!" अध्यक्षांनी निकाल दिला.

सर आत चेंडू गोळा करत होते. दार उघडं होतं, त्यामुळे त्यांनी सगळं ऐकलं असणार. पण बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या. पाण्याच्या बाटल्या विसरू नका."

टिटवी सरांकडे बघतच राहिली. आता ती संघाची कॅप्टन होती, पण मागच्या वर्षी तिला चेंडू नीट झेलताही येत नव्हता. रोज सगळे घरी गेल्यावर सर तिच्यासाठी थांबायचे आणि एकदाही चिडायचे नाहीत. ते सर जाणार?

दुसऱ्या दिवशी सरावात सरांनी त्यांना मोठ्या मुलांशी खेळवलं. आणि गंमत म्हणजे मोठ्या मुलांना बास्केटजवळ फिरकता येईना! टिटवी मागून "डावीकडे! थांब! आता जा!" अशी ओरडत होती आणि पाचही जण एका दोरीला बांधल्यासारखे सरकत होते.

"सकाळी भिंत आणि सामन्यात चाळणी!" बाटली तोंडाला लावत टिटवी म्हणाली. "सर तेच, आपणही तेच. मग बदलतं काय?"

"बूट?" खांबानं विचारलं.

"बूट नाही रे, डोकं! तुझं. तू जागा सोडून पळत का सुटतोस?"

"मला खरंच माहीत नाही गं!"

"माझ्याकडे सामना आहे," मुंगी म्हणाली. "म्हणजे आईच्या फोनवर. खांबाच्या बाबांनी गॅलरीतून चित्रण केलं आणि सगळ्या पालकांना पाठवलं. सरांच्या चुका दिसाव्यात म्हणून!"

दुपारी तिघं मुंगीच्या आईच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या बाकावर, एकमेकांच्या खांद्यात डोकी घुसवून बसले. समोर एक म्हातारेबुवा गाल धरून कण्हत होते, म्हणून आधी आवाज बंद ठेवला. खांब बास्केटखाली उभा होता. ठीक. एकदम पुढे धावला. का? समोर तर कुणीच नव्हतं!

म्हातारेबुवा आत गेले. मुंगीनं आवाज वाढवला.

"पुढे हो! अरे, पुढे हो! बघत काय बसलास?" फोन गरजला.

"बाबा!" खांबाचे कान लाल झाले. "मी… मी ऐकलंच नव्हतं."

"तू नाही ऐकलंस, तुझ्या पायांनी ऐकलं!" टिटवी खो खो हसली. पण तेवढ्यात फोनमधून दुसरा आवाज आला. "पोरी, हात वर! हात वर!" आणि पडद्यावरच्या टिटवीनं पास अडवायचा सोडून दोन्ही हात वर केले. चेंडू तिच्या कमरेजवळून निघून गेला.

टिटवीचं हसू थांबलं. ते तिचे आजोबा होते.

"मुंगी, मागे पळ!" हे मुंगीची आई. सरांचा आवाज कुठेच ऐकू येत नव्हता. टिटवीचाही नाही.

त्या रात्री जेवताना खांबानं धीर करून विषय काढला. सकाळी त्यानं दोघींना बातमी दिली.

"बाबा म्हणाले, 'मी ओरडलोच नाही. मी फक्त सांगत होतो. आणि मी सांगत नसतो, तर आणखी हरला असता!'"

"मग त्यांनी न सांगताच आपण खेळून दाखवायला हवं," टिटवी म्हणाली. "पण गॅलरी गप्प कशी बसणार?"

मुंगी हळूच हसली. "कँटीनची टॉफी."

ती टॉफी सगळ्या शिबिरात बदनाम होती. काचेच्या बरणीत ती वर्षभर तशीच पडून असायची. एकदा तोंडात गेली, की वरचा जबडा खालच्याला सोडत नसे! मुंगीचा हलणारा दात तिच्यातच निघाला होता.

रविवारी गॅलरी भरली. टिटवी, खांब आणि मुंगी गोड चेहऱ्यानं ताटली फिरवत होते.

"आजोबा, सामन्याआधी तोंड गोड करा ना!"

"काकू, एकच घ्या. आमच्यासाठी!"

मुंगीच्या आईनं टॉफीकडे संशयानं पाहिलं. पण सगळे चघळत होते. तिनंही टाकली तोंडात.

सामना सुरू झाला. पहिल्याच हल्ल्याला खांबाचे बाबा ताडकन उठले.

"उंम्म! उंऽम्म!"

"हाऽ व…" आजोबांचं वाक्य तिथेच चिकटलं.

आणि कोर्टावर टिटवीला पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकू आला! "मुंगी, डावीकडे! खांबा, थांब!" बाजूच्या बाकावरून सरांचा शांत आवाजही स्पष्ट पोहोचत होता. समोरचा संघ आत घुसायला बघायचा आणि भिंतीवर आपटून परत जायचा.

शेवटचं मिनिट आलं. शिबिराचा संघ एका गुणानं पुढे होता. चेंडू मात्र समोरच्यांकडे होता.

तेवढ्यात गॅलरीत खांबाच्या बाबांनी तोंडात बोट घालून शेवटचा तुकडा ओढून काढला.

"पुढे हो!" सगळा हॉल दणाणला. "अरे, पुढे हो!"

खांबाचा पाय उचलला गेला.

"थांब!" टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडली.

तो पाय क्षणभर हवेत राहिला आणि जिथून उठला होता तिथेच टेकला. समोरचा खेळाडू उडी मारून आत आला. खांब सरळ वर उडाला आणि चेंडू त्याच्या पंजावर थाडकन आदळला!

शिट्टी. जिंकले!

खांबाचे बाबा धावत खाली आले. "मी 'पुढे हो' म्हणालो, ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं, बाबा. पण मी टिटवीचं ऐकलं."

मुंगीनं आईच्या फोनवरचा मागचा सामना त्यांच्यापुढे धरला, आवाज पूर्ण वाढवून. गॅलरीतली सगळी मंडळी भोवती जमली आणि एकेकाला आपापला आवाज ऐकू येऊ लागला. कुणी चष्मा पुसायला काढला, कुणी छताकडे बघू लागलं.

"म्हणजे चूक ना सरांची, ना मुलांची," आजोबा पुटपुटले.

"माझी होती थोडी," सर म्हणाले. "मला सगळं ऐकू येत होतं. पण तुम्ही मुलांच्या काळजीपोटी ओरडत होता. गप्प बसा म्हणायला जीभ रेटली नाही."

"आमचीही होती," टिटवी म्हणाली. "बचाव एकाचंच ऐकून करायचा असतो आणि आम्ही सगळ्यांचं ऐकत होतो."

खांबाच्या बाबांनी सरांचा हात हातात घेतला. "सर, पुढचं शिबिर तुमचंच. माझं चुकलं." मग मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास रे! माझी बोलती बंद करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं."

"टॉफी देणाऱ्यांना माझ्या खुर्चीत बसवणार आहे," मुंगीची आई गाल चोळत म्हणाली. पण तीही हसत होती.

पुढच्या शिबिराच्या पहिल्या सामन्याला टिटवीनं सहज गॅलरीकडे पाहिलं. खांबाचे बाबा कँटीनची बरणीच मांडीवर घेऊन बसले होते. कुणी न सांगता त्यांनी एक टॉफी तोंडात टाकली, दुसरी शेजारच्या आजोबांना दिली आणि टिटवीकडे बघून अंगठा वर केला.