आग्या उठला!

म्हसोबाच्या पठारावरून ई-बाईकची वाट काढायचीच, हे समर्थदादाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यासाठी पठ्ठ्याने नाशकातली चांगली नोकरी सोडून दोन ई-बाईक घेतल्या. दिंडोरीला द्राक्षमळे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वर फिरवायचं, असा बेत. पाहुणे पाठवणाऱ्या रिसॉर्टच्या मालकाने बजावलं होतं, "आधी स्वतः फिरून या. संध्याकाळी हो की नाही ते कळवा." धाकटी बहीण वेदिका दुसऱ्या बाईकवरून सोबतीला निघाली. खरं तर राखणीला! दादाला घाई फार, आणि कुणाचं ऐकायचं म्हटलं की कपाळाला आठ्या.

दहा वाजेपर्यंत सगळं झकास चाललं. दोन्ही बाजूंना गुडघाभर वाळलेलं गवत, डावीकडे दरी, दरीच्या तळाशी मळ्यांचे हिरवे पट्टे आणि समोर खिंडीवरचा काळा कडा. वेदिकासुद्धा खूश होऊन गाणं गुणगुणायला लागली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून शेळ्या राखणारी एक म्हातारी काठी नाचवत ओरडली. वारा उलटा होता. शब्द तुटकच आले. "आग... उठला! पळा!"

"वणवा!" दादा किंचाळला. "कड्याखाली चल! तिथे नुसता खडक आहे!"

"अरे, पण धूर कुठाय? थांब ना!"

थांबतो कसला! दादा सुसाट सुटला. चडफडत तीही मागे गेली.

कड्याखाली तिने वर पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला. सुपाएवढी पाच-सहा आग्यामोहोळं लटकत होती आणि त्यांतल्या एकावर कसलासा शिकारी पक्षी झडपा घालत होता. म्हातारी आग म्हणालीच नव्हती. आग्या उठला म्हणाली होती!

माश्यांचा लोट खाली कोसळला. दादाच्या हेल्मेटच्या भोकांतून माश्या आत शिरल्या. पापणीवर डंख! ओठांवर डंख! कानात डंख! तो हात झाडत कोलमडला. त्याची बाईक घसरत गेली आणि थेट दरीत! वेदिकाची मान पेटली होती. तिने त्याची कॉलर धरून त्याला ओढलं.

"बस मागे! बस, नाहीतर मरशील!"

थ्रॉटल पिळला. दगड उडाले. काट्यांनी पोटऱ्या फाडल्या. ओढ्यापलीकडे म्हातारी घोंगडी पसरून उभीच होती. तिने दोघांना खाली पाडून स्वतःसकट झाकून घेतलं.

"हलू नगा! मी नवसाबाई. आग्या उठला म्हनून घसा फुटंस्तोवर वरडले, अन् तुमी त्याच्याच घरात घुसले व्हय?"

बाहेर एक शेळी तडफडत ओरडत होती. मग ती गप्प झाली. आत दादा घरघरत होता. त्याची मान सुजली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"आजी, हा जातोय हो!"

"मंग बसू नको. घोंगडी घे. दवाखाना खाली गावातच हाय."

"आणि तुम्ही?"

"मी पदर घेते. निघ!"

वेदिका निघाली. घोंगडीत दादा, पाठीवर माश्या, खाली उताराची खडकाळ वाट. तिचा डावा डोळा पार मिटला होता. तिने ब्रेक लावलाच नाही.

संध्याकाळपर्यंत दादाच्या अंगातून एकशे चाळीस काटे निघाले. इंजेक्शनांनी श्वास मोकळा झाला. नवसाबाई सुजलेल्या तोंडाने दवाखान्याच्या दारात बसली होती. फोन वाजला. वेदिकाने तो दादाच्या कानाशी धरला.

"काय समर्थराव, जमली ना वाट? रविवारपासून पाहुणे पाठवतो."

"नाही. कुणाला पाठवू नका."

"अहो, थोडं काळजीपूर्वक नेलं तर..."

"माझी बहीण मेली असती!" दादा ओरडला आणि त्याने फोन ढकलून दिला.

दिवसभर न रडलेली वेदिका तेव्हा हुंदके देऊन रडली.